पापड दाखवा, ऊन घ्या

मीराताई सामंतांच्या रक्तात ड जीवनसत्त्व फक्त नऊ आहे, ही बातमी बोरिवलीच्या नवप्रभात सोसायटीला खुद्द मीराताईंच्या आधी कळली. त्यात कोणाची हेरगिरी नव्हती. लॅबने रिपोर्ट सुबोधरावांच्या मोबाईलवर पाठवला, सुबोधरावांनी तो चष्मा न लावता डॉक्टरांकडे पुढे ढकलला, आणि त्यांच्या फोनमध्ये डॉक्टरांच्या नावाखाली लगेच 'नवप्रभात परिवार' हा ग्रुप होता. मीराताई तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या. त्या केस पुसत बाहेर येईपर्यंत निम्म्या सोसायटीने हात जोडले होते, तिघांनी 'गेट वेल सून' लिहिलं होतं आणि चौथ्या मजल्यावरच्या सपनाने धीर दिला होता, 'काकू, नऊ म्हणजे काहीच नाही. माझ्या नणंदेचं चार होतं.'

मीराताईंनी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. कित्येक मुलांच्या नावापुढे त्यांनी हा आकडा शांतपणे, लाल शाईने लिहिला होता. आता तो त्यांच्या नावापुढे होता, आणि पालकसभेत वाचून दाखवावा तसा सगळ्यांना वाचून दाखवला गेला होता.

त्यातून डॉक्टर रोशनी ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती रिपोर्ट बघून म्हणाली, "मॅडम, नऊ? निदान तीसच्या पुढे हवं."

"ग्रेस मार्क नाहीत ना?" मीराताईंनी विचारलं.

"गोळ्या देते, आठवड्याला एक, जेवणानंतर. पण ऊनही हवं. तुम्ही दूध घेता, नाचणी खाता, सगळं छान. पण त्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड लागतं. ते नाही म्हणून तर पोटऱ्या दुखतात, जिना चढताना मांड्या जड होतात. रोज अकरा ते दोनच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं बसा. हातपाय उघडे, डोक्यावर टोपी. आणि खूण सांगते, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली पाहिजे. लांब सावलीचं ऊन नुसतं बघायला छान."

"गौरीपर्यंत बरी होईन?"

रोशनीला वाटलं, बाईंना सणाच्या स्वयंपाकाची काळजी आहे. स्वयंपाकाची नव्हती. फुगडीची होती.

दरवर्षी गौरी जागवायला सगळे सामंत मालाडला थोरल्या जावेकडे, रुक्मिणीवहिनींकडे जमत. तिथे वहिनी आणि मीराताई यांची फुगडी हा शेवटचा आणि मानाचा खेळ. एरवी चार वाक्यांच्या वर न बोलणाऱ्या मीराताई फुगडीत अशा काही घुमायच्या की बघणाऱ्यांनी भिंतीला टेकून बसावं. गेल्या वर्षी मात्र ऐन रंगात मीराताईंच्या पोटरीत गोळा आला आणि त्या पाटाशेजारी खाली बसल्या. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, पाठ चोळली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जाऊ दे गो. पुढल्या वर्षी मी निशाक घेतंय."

निशा म्हणजे वहिनींची नवी सून. जिममध्ये जाणारी. मुलगी चांगली होती, आणि तेच जास्त त्रासदायक होतं. तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

तेव्हा ऊन मिळवायचं होतं, आणि जून उजाडायच्या आत मिळवायचं होतं. एकदा आभाळ भरलं की गौरीपर्यंत बोरिवलीत सूर्याची काही खात्री देता येत नाही.

सोसायटीने सल्ल्यांचा रतीब लावला. बहुतेकांचं एकमत 'कोवळ्या उन्हा'वर होतं. सकाळी सातचं, सोनेरी, अंगाला सुखावणारं. मीराताई सावलीचं गणित समजावायला गेल्या, तर लिफ्टमध्ये त्यांना ऐकवण्यात आलं, "अहो, आमचे आजोबा कोवळ्या उन्हात बसायचे, नव्वद वर्षं जगले." आजोबा सकाळी सातला बसायचे, पण दुपारभर शेतात असायचे, हा मुद्दा मांडेपर्यंत लिफ्ट तळमजल्यावर पोचली होती.

मीराताई अर्थातच डॉक्टरांच्या शब्दाला धरून राहिल्या. एप्रिल लागला आणि त्या अकराच्या ठोक्याला बाल्कनीत जाऊन बसू लागल्या. ऊन खुर्चीवर यायचं, त्या बाह्या वर सारायच्या, पाय पुढे करायच्या. आपली सावली तपासून घ्यायच्या. आखूड. उत्तम. दोन आठवडे झाले. पुन्हा दाखवायला गेल्या तेव्हा रोशनीने सहज विचारलं, "कुठे बसता मॅडम?"

"बाल्कनीत."

"उघडी आहे?"

"म्हणजे काचा आहेत. कबुतरं येतात ना."

रोशनी फक्त थोडीशी हसली, आणि त्या हसण्यात मीराताईंना आपल्याच वर्गाची खोली दिसली. फळ्यासमोर त्या स्वतः उभ्या होत्या आणि सांगत होत्या, मुलांनो, अतिनील किरणांच्या मोजणीसाठी कुपी क्वार्ट्झचीच घ्यायची, साधी काच ते किरण अडवते. दरवर्षी सांगायच्या. परीक्षेत विचारायच्या. जो चुकेल त्याचा एक मार्क कापायच्या.

दोन आठवडे त्या कुपीत बसल्या होत्या. चुकीच्या.

घरी येऊन त्यांनी सुबोधरावांना फक्त एवढंच सांगितलं, "काच सरकवायला हवी." पण मुंबईत बाल्कनीची काच सरकवणं सोपं नसतं. जी अर्धी सरकत होती तिच्यामागे वॉशिंग मशीन होतं, आणि जिथे ऊन येत होतं ती अर्धी सुताराने कायमची बसवलेली होती. मशीनवर चढून बसण्याचा प्रयोग एकदा झाला. तो एका कबुतराने मोडीत काढला.

मग बाग. बागेच्या फाटकावर पाटी होती: सकाळी दहाला बंद, दुपारी चारला सुरू. म्हणजे ज्या वेळी उन्हाचा काही उपयोग, नेमक्या त्या वेळी नागरिकांना उन्हापासून कुलपाने वाचवलं जात होतं. मीराताईंनी पाटी दोनदा वाचली आणि परत फिरल्या.

मग सोसायटीचं आवार. पार्किंगच्या कडेला त्यांनी प्लास्टिकची खुर्ची टाकली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, टोपी घातली आणि डोळे मिटले. पाच मिनिटांत वॉचमन धर्मा आला.

"बाई, चावी हरवली काय?"

"नाही. बसलेय."

"साहेब घरात हायत?"

"आहेत."

"असं," धर्मा म्हणाला, आणि खूप समजल्यासारखी मान हलवून गेला.

तिसऱ्या दिवशी सुबोधरावांना जिन्यात दोघांनी बाजूला घेतलं. "काका, झालं गेलं विसरा. काकूंना घरात घ्या." सुबोधराव घाबरले. एरवी स्वतःचा चहाही न करणारा माणूस त्या दिवशी दोन कप घेऊन खाली उतरला. त्याचा परिणाम उलटाच झाला. भर दुपारी नवरा खुर्चीपाशी कप घेऊन उभा आहे आणि बायको डोळेही उघडत नाही, हे सात मजल्यांनी खिडकीतून पाहिलं आणि प्रकरण वाटलं त्याहून गंभीर आहे असं ठरलं.

"अगं, निदान हस तरी," सुबोधराव ओठ न हलवता म्हणाले. "लोक बघताहेत."

"हसले तर वीस मिनिटं कमी होणार आहेत का?"

तरी त्यांनाही ते सहन होईना. शेवटी त्या सेक्रेटरींकडे, अल्पेश गालांकडे गेल्या. गच्चीची किल्ली मागायला.

अल्पेशभाई माणूस वाईट नव्हता. त्याचं नियमांवर प्रेम होतं, इतकंच. "मीराबेन, टेरेसला वॉटरप्रूफिंग केला ना आपण. मग जनरल बॉडीमध्ये ठराव झाला. टेरेस फक्त टाकीसाठी, अँटेनासाठी, कमिटीच्या प्रोग्रामसाठी, आणि एप्रिल-मेमध्ये वाळवणासाठी."

"मला फक्त उन्हात बसायचंय."

"बसायचा ठराव नाय ना."

"वाळवण घातलं, तर ते राखायला कोणी बसू शकतं?"

अल्पेशभाईने विचार केला. "राखायला तर बसावाच लागते. नायतर कावळे."

"मग माझं वाळवण आहे," मीराताई म्हणाल्या. हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं असावं, कारण बोलल्यावर त्यांना घाम फुटला.

मीराताईंनी कधी काही वाळवलं नव्हतं. प्रयोगशाळेत ओव्हनमध्ये भरपूर वाळवलं असेल, ते निराळं. कुरडया, सांडगे, फेण्या या गोष्टी त्यांच्या घरी पाकिटातून येत. तेव्हा त्या वाण्याकडे गेल्या, उडदाच्या पापडांचं एक पाकीट घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पापड जुन्या साडीवर मांडून, धर्माला दाखवून, किल्ली घेऊन गच्चीवर गेल्या. विकतचे वाळलेले पापड पुन्हा वाळत घालणाऱ्या त्या बोरिवलीतल्या पहिल्याच असाव्यात.

गच्ची काय होती म्हणून सांगावं! पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, वर निळं आभाळ, लांब खाडीची चकाकती रेघ, आणि मध्ये काच नाही. मीराताईंनी दंड उघडे केले आणि अंगातल्या एकेका हाडाला निरोप गेल्यासारखं त्यांना वाटलं. वीस मिनिटांनी उठल्या, पापड गोळा केले, खाली आल्या. दुसऱ्या दिवशी तेच पापड. तिसऱ्या दिवशी तेच. रसायनशास्त्रात पदार्थ स्थिर वजनाला येईपर्यंत वाळवतात. हे पापड स्थिर वजनाला येऊन, त्याच्याही पलीकडे निघून गेले होते.

"काकू, अजून वाळतायत?" सपनाने एकदा विचारलं.

"जाड लाटलेत," मीराताई म्हणाल्या. खोटं बोलण्याची सवय लागत चालली होती.

"पण किती गोल येतात हो तुमचे! सगळे एकसारखे!"

मीराताई नम्रपणे हसल्या.

आठवड्याभराने गच्चीचं दार ढकलून पहिल्या मजल्यावरच्या कृष्णाबाई आल्या. गोराईच्या कोळीण, मुलाने इथे फ्लॅट घेतल्यापासून त्याच्याकडे राहणाऱ्या. त्या दारातच थबकल्या.

"मना वर येवाला देत नाय तो धर्मा. म्हनतो वालवन दाव. माजं वालवन म्हंजे बोंबील. ते चालत नाय इथं. आज त्याची नजर चुकवून आले."

"पण तुम्हाला कशाला यायचंय वर?"

"तुला कशाला यायचं?" कृष्णाबाईंनी पापडांकडे एक नजर टाकली. त्या नजरेतून काही सुटलं नाही. "डाक्तर म्हनली माजं पन डी खाली गेलंय. आता बोल! जल्म गेला माजा खल्यावर बोंबील सुकवत. तवा ऊन नको नको व्हायचा. पोराने फ्लॅट घेतला नि मना आत ठेवली, फ्रिजमदल्या पापलेटासारी."

मीराताईंनी पापडांची चवड अर्धी केली. उद्यापासूनचं कृष्णाबाईंचं वाळवण तयार झालं.

नवप्रभातमध्ये गुपित ठेवायला जागा नाही. दोघींचं सपनाला कळलं, आणि सपनाला कळलं म्हणजे विषय संपला. कोणाची पाठ धरलेली, कोणाचा गुडघा, कोणी दिवसभर एसीमध्ये लॅपटॉपपुढे बसून पांढरं पडलेलं. रक्त तपासलं की सगळ्यांचं ड खाली. पण वाळवण कोणाकडेच नव्हतं. मग मीराताईंच्या पाकिटातून माणशी एकेक पापड वाटला गेला. दुपारी बाराला लोक हातात एक पापड धरून जिना चढू लागले. गच्चीच्या दाराशी धर्मा गंभीरपणे म्हणायचा, "पापड दाखवा," लोक पापड दाखवायचे, आणि पुढे जायचे. एक इंजिनिअर स्वतःचा पापड घरी विसरला म्हणून पुन्हा सहा मजले उतरून गेला. बायकोने तो तोवर भाजून खाल्ला होता. सुबोधरावांनी त्याला आपला अर्धा दिला. अर्ध्या पापडावर प्रवेश द्यायचा की नाही याचा धर्माने बराच वेळ विचार केला.

मीराताईंच्या मनाला हे लागत होतं. त्यांना नियम मोडलेले आवडत नसत, आणि हे तर पापडाच्या आड मोडलेले. पण जिना चढताना पोटऱ्या कुरकुरेनाशा झाल्या होत्या. घरात कोणी नसताना त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून दोन उड्या मारून पाहिल्या. दुखलं नाही. मग ओटा सोडून तिसरी मारली.

आणि मग तो वारा आला. मे महिन्यात दुपारी खाडीकडून एकदम उठतो, तसला. मीराताईंचे पापड आता इतके हलके झाले होते की ते नुसते उडाले नाहीत, तरंगत गेले. शेजारच्या टॉवरवर, केबलच्या वायरींवर, आणि त्यातले बरेचसे अल्पेशभाईंच्या धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर. गच्चीवरच्या कोणी मानही वळवली नाही. सगळे टोप्या घालून, डोळे मिटून, आपापले हातपाय उघडे टाकून बसून राहिले.

अल्पेशभाई धापा टाकत वर आला तेव्हा गच्चीवर एकही पापड नव्हता आणि माणसं मात्र वीसेक होती.

"वाळवण कुठे हाय?" त्याने विचारलं.

मीराताई टोपी काढून उभ्या राहिल्या. मग कृष्णाबाईंनी एक डोळा उघडला. "हे काय, दिसत नाय तुला? आमी हाव ना वालवन. आज ही बाजू, उद्या पलटी मारनार."

लोक हसले. अल्पेशभाई हसला नाही. त्याला फसवलं गेल्याचं वाईट वाटलं होतं, आणि ते मीराताईंना त्याच्या कानांच्या लालीवरून कळलं. "मीराबेन, दुसऱ्या कोणाचा नाय, तुमचा मला वाईट वाटला," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून किल्ली धर्माकडून अल्पेशभाईच्या कपाटात गेली.

त्याच संध्याकाळी मालाडहून फोन आला. "गो मीरा, तुझे पाय कसे आसत? मी निशाक सांगू काय? तिका आतापासून शिकवूक लागतला."

"पंधरा तारखेला इकडे या वहिनी," मीराताई म्हणाल्या. "मग ठरवा." फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. पंधराला काय आहे, हे त्यांना बोलता बोलताच आठवलं होतं.

त्याच रात्री त्यांनी अल्पेशभाईंचं दार वाजवलं. आधी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात, पापडांच्या कंपनीच्या नावासकट. मग म्हणाल्या, "ठरावात कमिटीचा प्रोग्राम बसतो ना? येत्या पंधराला साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. सरळ उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही. शून्य सावली. मुलांना दाखवू या. तो कार्यक्रम सोसायटीचा, पाहुणे तुम्ही."

अल्पेशभाईने डोकं खाजवलं. "सावली गायब? सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"सेक्रेटरीची पण?"

"हो."

"परत येते ना नंतर?"

"दोन मिनिटांत यायला लागते."

आतून अल्पेशभाईंच्या आईंचा, बांचा, आवाज आला. त्या गेल्या वर्षी पडून मनगट मोडल्यापासून घराबाहेर निघाल्या नव्हत्या. "अल्पेश, मने पण जोवुं छे." मला पण बघायचंय. झालं. कार्यक्रम ठरला.

पंधराला लिफ्ट दर फेरीला भरून वर गेली. गच्चीवर ओली गोणपाटं अंथरली होती, ताकाची पिंपं होती, छत्र्या होत्या. पोरांनी खडूच्या पेट्या, बाटल्या, डबे उभे करून ठेवले होते. बांची खुर्ची मध्यभागी. मालाडहून रुक्मिणीवहिनी आल्या, घामाघूम, पदराने वारा घेत, "ह्या उन्हात काय गो खेळ मांडलास!" म्हणत.

सावल्या आखडत आखडत आल्या. बाटल्यांच्या सावल्या बुडाखाली सरकल्या. मीराताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता." आणि खरंच, सगळ्या गच्चीवर कोणाचीच सावली बाजूला राहिली नाही. पोरं ओरडली. अल्पेशभाईने आपल्या दोन्ही बाजूंना वळून पाहिलं आणि लहान मुलासारखा टाळ्या वाजवू लागला.

मीराताईंनी गोणपाटावर जाऊन हात पुढे केले. "या वहिनी."

"आता? हय?"

"मग पाय कसे बघणार?"

वहिनींनी पदर खोचला. चार हातांची पकड बसली, पावलं जुळली, आणि फुगडी सुरू झाली. आधी जपून, मग वेगात, मग मीराताई मागे झुकल्या आणि घुमल्या. पायाखाली चिकटलेली इवलीशी सावली त्यांच्याबरोबर गरगरत होती. कृष्णाबाई हातांनी ताल धरत ओरडल्या, "सोडू नको बाय, सोडू नको!" सुबोधराव टाळी वाजवायचंही विसरले. खिडकीतून घरभांडण बघितलेले सगळे आता हे बघत होते.

सोडलं ते वहिनींनी. एकदम. "थांब, थांब गो!" म्हणत त्या बांच्या खुर्चीला धरून खाली बसल्या आणि पोटऱ्या चोळू लागल्या. मीराताई त्यांच्यापाशी बसल्या. दम लागला होता, पण पाय शांत होते.

"वर्षभर दुखतत," वहिनी हळूच म्हणाल्या. "कोणाक सांगूक नाय. म्हणान तर निशाक घेतंय म्हटलंय. तू बसलंस, आता मी बसलंय तर सगळी म्हणतली दोघी म्हाताऱ्यो झाल्यो."

गेल्या गौरीपासून मीराताईंनी मनात धरलेलं काहीतरी त्या ओल्या गोणपाटावर सांडून गेलं.

"निशा पुढल्या वर्षी," त्या म्हणाल्या. "आधी तुमचं रक्त तपासू."

"अगो, ऊन घेतंय मी. रोज. आमच्या बाल्कनीत बसान."

बा तेवढ्यात गुजरातीत जाहीर करत होत्या की त्या आता खाली जाणार नाहीत, उद्याही येणार आहेत, आणि पापड आणणार नाहीत. अल्पेशभाईने एकदा आईकडे, एकदा गच्चीकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि धर्माच्या हातात दिली.

पायांपाशी सावल्या पुन्हा हळूहळू उगवू लागल्या होत्या. मीराताईंनी वहिनींचे हात हातात घेतले, आणि रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेला विचारत तितक्याच मायेने विचारलं,

"वहिनी, काच उघडी असते की बंद?"